एका सेकंदाला एक फूट

पडदा.

मांजरपाटाचा, नाटकाचा. चौकटीवर ताणून आधी सरस आणि खडूचा हात द्यायचा, वाळला की सरसातच कालवलेले रंग लावायचे. दरबार, रस्ता, जंगल, बाग. एवढे चार पडदे असले की कुठल्याही नाटकाचं भागायचं. १९१० ते १९१६ या वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातल्या संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्या असे पडदे कोल्हापूरच्या दोन भावांकडून रंगवून घेत. एक आनंदराव, दुसरे बाबूराव. आडनाव मेस्त्री. लाकूड आणि लोखंड दोन्ही हाताळणारं घराणं. लोकांनी ते आडनाव बाजूला सारलं आणि धंद्याचं नाव चिकटवलं. आनंदराव पेंटर, बाबूराव पेंटर.

त्यांच्या हातचा एकही नाटकाचा पडदा मी पाहिलेला नाही. सरसाचं कापड गुंडाळून ठेवलं की पावसाळ्यात बुरसतं, आणि उंदरांना सरस आवडतो. मंडळ्या मोडल्या, सामान विकलं गेलं. पडद्याचं कापड भिजवून धुतलं की पुन्हा मांजरपाटच हातात येतो. कुणाच्या तरी घरी त्या दरबाराच्या गोधड्या झाल्या असतील.

आनंदरावांचं आयुष्य.

१९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघे भाऊ त्या नादानं वेडे झाले. मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला. खेळ लावायचे, आणि लावता लावता यंत्राची नस पकडायची. दाखवण्याचं यंत्र ज्या तत्त्वावर चालतं त्याच तत्त्वावर टिपण्याचं यंत्र चालतं, हे त्यांना उमगलं होतं. स्वतःचा कॅमेरा करायचा हा ध्यास मुळात आनंदरावांचा. १९१६ मध्ये ते गेले. कॅमेरा अर्धाच होता.

इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला दोन ओळी येतात. महाराष्ट्र फिल्म कंपनीतल्या हरवलेल्यांच्या या यादीत मी त्यांना सुरुवातीलाच घेतलं, कारण कंपनीतलं पहिलं हरवलेलं माणूस ते. कंपनी निघण्याआधीच हरवलेलं.

कॅमेरा.

बाबूरावांनी आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी तो १९१८ मध्ये पुरा केला. कोल्हापुरात, हातानं. हे वाक्य आपण अभिमानानं म्हणतो आणि पुढं जातो. मला तिथं थांबावंसं वाटतं.

फिल्म कॅमेऱ्यातून सरकत जात नाही, ती थांबत थांबत जाते. सेकंदाला सोळा वेळा. एक आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात शिरतो, पट्टी खाली ओढतो, भोकातून बाहेर येतो, वर जातो, पुन्हा शिरतो. पट्टी हलत असताना झडप भिंगावर आलेली पाहिजे, पट्टी थांबली की बाजूला झालेली पाहिजे. सगळ्या दात्यांचा मेळ बसला पाहिजे. केसभर फरक पडला तर पडद्यावरचा राजवाडा थरथरायला लागतो. दर चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. त्या काळी कच्ची फिल्म बऱ्याचदा भोकं न पाडलेलीच मिळे, म्हणजे भोकं पाडायचं कामही आपलंच, तेही अंधाऱ्या खोलीत.

असं यंत्र परदेशात कारखान्यात बनत होतं. इथं ते एका पडदे रंगवणाऱ्यानं आणि त्याच्या शिष्यानं घडवलं. दामले पुढं ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक म्हणून जगाला माहीत झाले, पण माझ्या मनात ते कायम कानस घेऊन एखादा दाता घासत बसलेले असतात. घासायचं, बसवून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं.

आणि त्या कॅमेऱ्याला लागलेला हात. मोटर नव्हती, दांडा होता. एका फेऱ्याला आठ चौकटी. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी, म्हणजे बरोबर एक फूट फिल्म. एका सेकंदाला एक फूट. कॅमेरावाल्याच्या मनगटात हे प्रमाण मुरलेलं असावं लागे. समोर कुणी रडो, घोडा उधळो, हाताची लय बदलायची नाही. बदलायची ती मुद्दाम. लढाई वेगवान दिसायला हवी असेल तर दांडा जरा सावकाश फिरवायचा, म्हणजे पडद्यावर तलवारी सपासप चालतात. मनातल्या मनात मोजत राहायचं. एक फूट, दोन फूट, तीन फूट. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग एकसारखा लागायला लागला, सेकंदाला चोवीस चौकटी, आणि दांड्याच्या जागी मोटर आली. तबलजीसारखी बसलेली ती मनगटं एका पिढीत निकामी झाली. त्यातल्या बऱ्याच मनगटांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

तानीबाईंचे पैसे.

कॅमेरा झाला, पुढं कंपनी काढायला भांडवल कोण देणार? तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईंनी दिलं. शाहू महाराजांचा आश्रय होता, तो जाहीर होता आणि त्याची नोंद सगळीकडे आहे. पण गळ्यावर मिळवलेली पुंजी, जी पुढं म्हातारपणाला लागणार, ती एका गाणाऱ्या बाईनं ज्याचं एकही चित्र अजून निघालेलं नाही अशा माणसाच्या हाती ठेवली. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती त्या भरवशावर. मराठी सिनेमाच्या इतिहासात तानीबाईंचं नाव कंसात येतं. ते मला बरोबर वाटत नाही.

कुंकू.

हे जवळून बघण्यासारखं आहे.

त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. निळा तिला जवळजवळ पांढरा दिसे, आणि लाल काळा. आकाश धुतल्यासारखं कोरं यायचं. कपाळावरचं कुंकू पडद्यावर काळा ठिपका व्हायचं. विडा खाल्लेले ओठ काळे पडायचे. हिरवं लुगडं आणि लाल लुगडं शेजारी शेजारी उभं केलं तर लाल काळोखात जायचं आणि हिरवं करड्यात उरायचं. कोल्हापूरच्या रोजच्या रंगांचं या फिल्मनं सगळं उलटंपालटं करून टाकलं होतं.

आता असं बघा, की ज्याचं सगळं आयुष्य रंगात गेलं, ज्याच्या नावातच रंग आहे, त्या माणसाला हे काम करायचं होतं. बाबूरावांनी हे गणित पाठ केलं. मागची भिंत कुठल्या रंगाची ठेवली म्हणजे चेहरा उठून येईल, कुठल्या रंगाचं लुगडं नेसवलं म्हणजे पडद्यावर ते पांढरं रेशीम वाटेल, हे ते आधी ठरवत आणि मग सेट रंगवून घेत. रंगवलेल्या पडद्यापुढं माणसं उभी करायची नाटकातली रीत त्यांनी सोडली. खरे खांब, खऱ्या कमानी, आत शिरता येईल असे दरबार उभे केले. फत्तेलालांसारखा चित्रकार हाताशी होता. सेटवर उभं राहिलं तर विचित्र रंगांचा महाल दिसत असेल. डोळे मिटून काळ्या-पांढऱ्यात पाहता आला तरच तो महाल.

डोळ्यासमोरच्या रंगाचं मनातल्या मनात करडं करणारी ही नजर त्या एका फिल्मपुरती होती. पुढं लाल ओळखणारी फिल्म आली, मग रंगीत आली. त्या नजरेची गरज संपली आणि ती कुणी कुणाला शिकवली नाही.

गुलाबबाई आणि अनसूयाबाई.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंक्यांनी केलं होतं, कारण बाई मिळाली नाही. त्यानंतर काही वर्षांनी कोल्हापुरात ‘सैरंध्री’ निघाला त्यात बायकांची कामं बायकांनी केली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. ‘बाई’ लावलं की एक अर्थ, ‘देवी’ लावलं की दुसरा, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. नाव बदललं की सिनेमातलं काम जरा सोवळं होतं, असा तो सौदा.

या सौद्यात त्यांची मूळ नावं पुसट झाली. चित्रं हरवल्यावर चेहरेही गेले. उरली ती श्रेयनामावलीतली दोन नावं, तीही त्यांची स्वतःची नव्हेत. म्हणून मी इथं मुद्दाम जुनी नावं लिहितो.

कीचकाचा वध.

‘सैरंध्री’ची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यामागे लागलेला कीचक, आणि रात्री नृत्यशाळेत भीमानं त्याचा केलेला वध. बाबूरावांनी तो वध इतका हुबेहूब दाखवला की प्रेक्षक हादरले आणि सरकारनं तो तुकडा कापायला लावला.

किती फूट असेल तो तुकडा? समजा तीस-चाळीस फूट, म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटाचा ऐवज. मराठी सिनेमातला हा पहिला गाजलेला प्रसंग आणि हरवलेला पहिला प्रसंगही. उरलेला चित्रपट पुढं त्याच्या मागोमाग गेला.

आर्यन.

‘सैरंध्री’ पुण्यात आर्यन सिनेमात लागला, तारीख ७ फेब्रुवारी १९२०. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला, बाबूरावांना सुवर्णपदक दिलं आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पदवी देताना आपल्या पत्राचं नाव टिळकांनी सिनेमावाल्याला दिलं ही गोष्ट लहान नाही. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत टिळक गेले.

आर्यन थिएटर मंडईजवळ होतं. ते पाडलं. आता तिथं वाहनतळ आहे आणि त्याचं नाव आर्यन. पुण्यात मंडईत भाजी घ्यायला गेलं की लोक म्हणतात, ‘आर्यनला गाडी लाव.’ मीही लावतो. पावती घेताना दर वेळी वाटतं, की पडदा नक्की कुठल्या बाजूला असेल? उत्तरेला की दक्षिणेला? टिळक कुठं बसले असतील? सांगणारं कुणी नाही, तरी मी गाडीतून उतरलो की एकदा चारी बाजूंना पाहून घेतो.

ऊन.

स्टुडिओला छप्पर नको असे, कारण दिवा म्हणजे सूर्य. पांढरी कापडं ताणून ऊन मऊ करायचं, चकचकीत पत्र्यांनी आणि आरशांनी ते सावलीत फेकायचं. ढग आला की काम बंद. पावसाळ्यात कोल्हापुरात तर विचारूच नका. पत्रा धरणारं पोरगं हललं की नटाच्या गालावरचं ऊन हलायचं. ऊन धरणं हे एक काम होतं, आणि ते करणारी माणसं होती.

१९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी विजेच्या दिव्यांवर चित्रण केलं, रात्रीचा गड रात्रीसारखा दाखवला. दोन कार्बन कांड्यांच्या मधे पेटणारा, सुं सुं करणारा, कांड्या जळतील तशा जवळ सरकवाव्या लागणारा तो उजेड. ‘सिंहगड’ला एवढी गर्दी लोटली, की करमणूक कर बसवायचं सरकारच्या मनात आलं ते या गर्दीमुळंच, असं सांगतात.

पुस्तिका. आणि भिंतीवरचा कागद.

मूकपट पाहायला येणाऱ्याला गोष्ट हातात द्यायची, सोबत छायाचित्रं आणि कामं करणाऱ्यांची नावं. अशा पुस्तिका आपल्याकडे पहिल्यांदा बाबूरावांनी काढल्या. खेळ संपला की लोक त्या घरी नेत. तिथं त्यांना वाळवी लागली, किंवा पोरांनी त्यांच्या होड्या केल्या.

भित्तिपत्रकं ते स्वतः रंगवत. आपल्या देशात जी सगळ्यात जुनी सचित्र चित्रपट-भित्तिपत्रकं आज पाहायला मिळतात त्यात १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं नाव घेतलं जातं. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी सन्मानानं परत पाठवल्याची ती गोष्ट. लंडनला वेम्बलीच्या प्रदर्शनात त्या चित्रपटाला पदक मिळालं होतं. चित्रपट राहिला नाही, त्याची जाहिरात राहिली. चार दिवस भिंतीवर टिकावा म्हणून केलेला कागद शंभर वर्षं टिकला.

माझे वडील सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. हातात छायाचित्र, त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखलेल्या, तशाच मोठ्या चौकटी पत्र्यावर. एका चौकटीत नाकाचा शेंडा, दुसरीत डोळा. जवळून बघितलं तर निळे-जांभळे फराटे, रस्त्यापलीकडून बघितलं तर नायिका. गुरुवारी रात्रभर काम, कारण शुक्रवारी सिनेमा बदलायचा. सिनेमा उतरला की त्याच पत्र्यावर पांढरा हात मारून पुढचा. वडील म्हणायचे, ‘आपलं काम आठवड्याचं.’ त्यांच्या पिढीला सगळे ‘पेंटर’ म्हणूनच हाक मारत. ‘ओ पेंटर’ म्हटलं की गल्लीतून दोघंतिघं वळून बघायचे. मोठ्या छापील फलकांची यंत्रं आली आणि ही हाक बंद झाली. त्यांनी रंगवलेला एकही बोर्ड माझ्याकडे नाही. प्रत्येक बोर्डाखाली आधीचे पन्नास आहेत, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

एक झोपडी.

‘सावकारी पाश’, १९२५. कर्जात बुडालेला शेतकरी, हातची जमीन गिळणारा सावकार, आणि शेवटी पोटासाठी गाठलेलं शहर, गिरणी. शेतकऱ्याचं काम कंपनीतल्याच एका तरुणानं केलं, नाव शांताराम वणकुद्रे. पुढं सगळे त्यांना व्ही. शांताराम म्हणाले.

देव, राक्षस आणि राजे यांच्या गर्दीत बाबूरावांनी एक फाटका माणूस उभा केला. पुराणांना आणि इतिहासाला गर्दी करणारे प्रेक्षक याला आले नाहीत. कंपनी पुन्हा मुकुट आणि तलवारींकडे वळली. मला विचाराल तर महाराष्ट्र फिल्म कंपनीनं काढलेल्या सगळ्या चित्रांत मला हे एकच हवं होतं. बाकीची नसती मिळाली तरी चाललं असतं. शेतकऱ्याच्या गळ्याभोवतीचा फास आपण अजून रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो, आणि ज्या चित्रानं तो पडद्यावर पहिल्यांदा दाखवला त्याची एक चौकटही आपल्याजवळ नाही.

बाबूरावांनाही ते चित्र सोडवत नसावं. १९३६ मध्ये त्यांनी तेच पुन्हा काढलं, बोलपट म्हणून. त्यातला एक देखावा निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनातून कधी गेला नाही. अंधूक उजेडात दुरून दिसणारी एक ओकीबोकी झोपडी, आणि कुत्र्याचं विव्हळणं, बस्स. ज्याला आयुष्यभर आवाजाशिवाय गोष्ट सांगायची सवय, त्याला आवाज मिळाल्यावर त्यानं त्या झोपडीसाठी संवाद घेतला नाही. कुत्रं घेतलं.

माणसं.

१९२९ च्या जून महिन्यात दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन प्रभात फिल्म कंपनी काढली. चौघांचेही हात महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. कुणी कॅमेरा शिकला, कुणी सेट, कुणी पडेल ते सगळं. गुरूच्या घरातून शिष्य निघाले, तेही एकदम. कुणाचं चुकलं याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. शिकवलेलं पोर वेगळं घर मांडतं, त्या दिवशी जुन्या घरात ताटं किती कमी होतात, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं येतं. बाबूरावही कंपनीतून बाहेर पडले. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, पडदा बोलायला लागला, आणि त्याच सुमारास मूकपटांची ही कंपनी थांबली. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिथल्या आवारात आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथं शिकणाऱ्या मुलांना वंशावळ विचारली तर प्रभातपर्यंत जाते, त्याच्या मागचा कोल्हापूरचा उंबरा फारसा कुणी ओलांडत नाही.

पुतळा.

हा गेलेल्यांच्या यादीत बसत नाही, कारण हा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत बायकांनी तो विद्रूप केला. त्या जागी १९४५ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा बसला, तो बाबूरावांनी घडवलेला. भालजी पेंढारकरांची त्यामागं खटपट होती. पुढं भालजींच्या वाट्याला आग आली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, त्यात ‘मीठ भाकर’ गेला. भालजींनी तो पुन्हा काढला.

बाबूराव १९५४ च्या जानेवारीत गेले. पुतळ्यापुढून रोज हजारो माणसं जातात, जयंतीला हार चढतात, गुलाल उडतो.

फिल्म.

आता हिच्याकडे यायलाच हवं. ती नायट्रेटची असे. म्हणजे कापूस आणि आम्ल यांच्यापासून केलेली, बंदुकीच्या दारूची सख्खी बहीण. पेटली की विझत नाही, पाण्याखालीही जळते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या अंगातच असतो. आणि न पेटताही ती मरते. आधी चित्र पिवळं पडतं. मग पट्टी चिकट होते, वेटोळं एकमेकांना धरून बसतं, उलगडत नाही. मग त्यावर फेस येतो, मग तो घट्ट होतो, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. तपकिरीसारखीच. चिमटीत धरली तर बोटाला लागते. ही एखाद्या राजवाड्याची, एखाद्या घोड्याची किंवा गुलाबबाईंच्या चेहऱ्याची भुकटी असू शकते.

जी कुजली नाही ती विकली गेली. फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं. जुन्या प्रिंटा भंगारात जात, धुऊन त्यातली चांदी काढून घेत. मागं राहिलेल्या पारदर्शक पट्ट्यांच्या बांगड्या होत. म्हणजे तेव्हाच्या एखाद्या बाईच्या हातात ‘सिंहगड’ किणकिणला असेल. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. असंच झालं, देशभर झालं. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले पूर्ण-अपूर्ण मिळून आज तीसही पाहता येत नाहीत.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं तोवर महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद होऊन तीस वर्षं उलटली होती. तिथल्या पी. के. नायर यांच्यासारखा माणूस गोदामं, तळघरं, थिएटरांचे पोटमाळे धुंडाळत हिंडला, म्हणून जे काही आहे ते आहे. आणि जानेवारी २००३ मध्ये तिथल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्यालाच आग लागली. सांभाळून ठेवलेलंही असं गेलं.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा एक स्तंभ आहे. वर्षातून एकदा सिनेमातली माणसं तिथं जमतात, फुलं वाहतात. मीही कधी कधी जातो. फुलं वाहणाऱ्या आमच्यापैकी कुणीही ‘सैरंध्री’ पाहिलेला नाही, ‘सिंहगड’ पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला होता त्यांच्याकडून ऐकलेलीही माणसं आता विरळ झाली. आमची भक्ती सगळी ऐकीव आहे, आणि ती खरी आहे.

‘मुरलीवाला’चे तुकडे.

१९२७ चा चित्रपट, बाबूरावांचा. त्याचे काही तुकडे संग्रहालयात आहेत. ओरखडे, डाग, मधेच उडालेल्या चौकटी. कृष्णाची गोष्ट, त्यामुळं तुटलं तरी कळायला अडचण येत नाही.

पण मी गोष्ट बघत नव्हतो. दांड्यानं फिरवलेल्या चित्रात एक गंमत असते. हात किती का बसलेला असेना, फेऱ्याच्या एका बाजूला किंचित जोर लागतो, दुसऱ्या बाजूला किंचित सुटतो. तिथं चौकटीवर उजेड जरासा कमी-जास्त पडतो. पडद्यावर ती बारीकशी लहर दिसते, उजळ, मंद, उजळ, मंद, सेकंदाला दोनदा. समोर गोकुळ चालू होतं आणि मी ती लहर धरून मांडीवर बोटानं मोजत होतो. एक फूट, दोन फूट, तीन फूट.